मिथाइल जॅस्मोनेट देऊनही अँटीऑक्सिडंट वाढत नाहीये? डोस वाढवायच्या आधी हे बघा

आमचा प्रॉब्लेम आधी सांगते, म्हणजे तुमचा तोच आहे का ते कळेल. तुळशीच्या पानापासून कॅलस (पेशींचा गोळा) काढला, त्याचं सस्पेन्शन केलं (म्हणजे पेशी द्रवात सुट्या करून फिरवत वाढवल्या), पेशी मस्त वाढल्या, फ्लास्क फिरवला की पातळ पिठल्यासारखं दिसायचं. पहिल्या बॅचला पेशींनी जास्त अँटीऑक्सिडंट बनवावं म्हणून मिथाइल जॅस्मोनेट दिलं, अर्क काढला, डीपीपीएचमध्ये (अँटीऑक्सिडंट मिळालं की रंग सोडणारं जांभळं रसायन) टाकला आणि जांभळा रंग बघता बघता पिवळा, कंट्रोलचा (ज्याला जॅस्मोनेट दिलं नाही त्याचा) मात्र जांभळट राहिलेला, सगळे खूश. दुसरी बॅच पण बरी. तिसऱ्या बॅचला तोच स्टॉक, तोच डोस, तीच माणसं, आणि दोन क्युव्हेट शेजारी शेजारी धरले तर कंट्रोल कुठला नि ट्रीटमेंट कुठली ते सांगता येईना. चौथी परत बरी, पाचवी परत गंडली. असं जवळपास वर्षभर चाललं आणि दर वेळी आम्ही एकच गोष्ट करायचो, डोस वाढवायचो.

तर पहिलं सांगणं हे की डोसला सगळ्यात शेवटी हात लावा. आम्ही १०० मायक्रोमोलरवरून २०० वर गेलो, मग त्याच्याही वर, आणि काय मिळालं तर चहाच्या रंगाचं पाणी आणि तळाशी बसलेला तपकिरी गाळ. पेशी मेल्या, आतलं फिनॉलिक (आपल्याला हवी असलेली अँटीऑक्सिडंट संयुगं) बाहेर सांडलं, ते ऑक्सिडाइझ झालं, विषय संपला. जॅस्मोनेट हा झाडाचा स्वतःचाच धोक्याचा सिग्नल आहे, अळीने पान कुरतडलं की झाड तो आपणहून बनवतं. आपण बाहेरून देतो तेव्हा पेशीला फक्त आरोळी ऐकू जाते, माल तिला स्वतःच तयार करायचा असतो. तुळस, पुदिना, पानओवा, कोलियस ही सगळी एकाच कुळातली, आणि ह्यांच्या कल्चरमध्ये आपण ज्याच्या मागे असतो ते रोझमॅरिनिक ॲसिड फेनिलॲलनीन आणि टायरोसीन ह्या दोन अमिनो आम्लांपासून बनतं. म्हणजे कार्बन पाहिजे, एन्झाइम पाहिजेत, पेशी धडधाकट पाहिजे. घरात पीठच नसेल तर कितीही ओरडलात तरी पोळ्या होणार नाहीत.

आता आमच्या केसमध्ये खरा चोर कोण निघाला ते. हे आम्हाला कुठल्या पेपरने नाही, लॅबच्या काकांनी दाखवलं. काचसामान, ऑटोक्लेव्ह, शेकर पुसणं सगळं काकांकडे. एक दिवस सकाळी इन्क्युबेटर शेकरचं झाकण उघडून म्हणाले, "मॅडम, ह्या पेटीत कुणी गजरा ठेवलाय का?" मी म्हटलं काका काहीतरीच काय. जाऊन वास घेतला तर खरंच, अगदी पुसटसा पण फुलांचा गोडसर वास. आदल्या दिवशी संध्याकाळी मी एलिसिटर (पेशीला डिवचणारं रसायन, इथे मिथाइल जॅस्मोनेट) दिलं होतं.

मिथाइल जॅस्मोनेट मुळात सापडलंच चमेलीच्या तेलात, १९६२ साली. (आपण सगळे ज्या एमएस मीडियावर, म्हणजे पेशी वाढवायच्या पोषक द्रावणावर, जगतो तोही १९६२ चाच, काय वर्ष असेल ते.) ते उडतं, आणि उडून शेजारच्या झाडापर्यंत जातं, हेही जुनं आहे, फार्मर आणि रायन यांनी १९९० मध्ये दाखवलं होतं की हवेतून आलेल्या मिथाइल जॅस्मोनेटमुळे टोमॅटोची झाडं बचावाची प्रथिनं बनवायला लागतात, न शिवता. हे मी एमएस्सीला शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. आणि तरी बारा ट्रीटमेंटचे फ्लास्क आणि बारा कंट्रोलचे फ्लास्क एकाच बंद पेटीत, एकाच प्लॅटफॉर्मवर, वर पंखा तीच हवा गरागरा फिरवतोय, आणि तोंडाला कापसाचे बोळे! कापूस बुरशी अडवतो, वाफ नाही अडवत.

मग नोटबुक उघडलं. पहिल्या बॅचला क्लॅम्प कमी पडले होते म्हणून कंट्रोल कल्चर रूममधल्या उघड्या शेकरवर ठेवले होते. दुसऱ्या बॅचला तसंच. तिसऱ्याच्या आधी नवे क्लॅम्प आले आणि आम्ही शहाण्यासारखं सगळं एका पेटीत आणलं, "कंडिशन सेम पाहिजेत" म्हणून. चौथ्याला पेटीचं थर्मोस्टॅट बिघडलं होतं म्हणून अर्धे, म्हणजे कंट्रोलचे, परत बाहेर. पाचवी परत पेटीत. म्हणजे बऱ्या बॅच आणि गंडलेल्या बॅच ह्यांच्यात फरक एवढाच की कंट्रोल कुठे बसला होता. आणि हे इतके दिवस दिसलं का नाही, तर आम्ही एक्सेलमध्ये फक्त फोल्ड चेंजचा कॉलम बघायचो. ट्रीटमेंट भागिले कंट्रोल. कच्चे आकडे बघितले असते तर कळलं असतं की ट्रीटमेंट जेवढी खाली आली त्यापेक्षा कंट्रोल जास्त वर चढलाय.

त्यामुळे तुमचा इफेक्ट गायब झाला असेल तर आज एवढंच करा, जुन्या सगळ्या बॅचच्या फक्त कंट्रोलचे कच्चे आकडे एका रांगेत लिहा. कंट्रोल उड्या मारत असेल तर एलिसिटरला शिव्या देऊ नका. कंट्रोल दुसऱ्या शेकरवर, जमलं तर दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि तिथे तापमान, उजेड, आरपीएम तेच आहे ना ते थर्मामीटर लावून बघा. अजून एक, एक तिसरा गट पण ठेवा, ज्याला काहीच दिलं नाही पण जो मुद्दाम ट्रीटमेंटच्या शेजारी बसवलाय. तो वर गेला तर हवेतून जातंय हे पुराव्यासकट कळतं, मग गाइडशी वाद घालायला बरं पडतं. आणि कंट्रोलला इथेनॉल विसरू नका, जेवढं इथेनॉल ट्रीटमेंटमध्ये स्टॉकबरोबर जातंय तेवढंच कोरं इथेनॉल कंट्रोलमध्ये गेलंच पाहिजे.

स्टॉकचा हिशोब इथेच सांगून टाकते कारण इथेही लोक घसरतात. ५० एमएल मीडियात १०० मायक्रोमोलर म्हणजे शुद्ध मिथाइल जॅस्मोनेट किती, तर साधारण १.१ मायक्रोलिटर. एवढं थेट पिपेटने घ्यायला जाऊच नका, ते तेलकट असतं, टिपच्या आतच अर्धं चिकटून राहतं आणि पाण्यात नीट मिसळत पण नाही. २१८ मायक्रोलिटर घ्या, इथेनॉलने १० एमएल करा, हा झाला १०० मिलिमोलर स्टॉक. त्यातला ५० मायक्रोलिटर ५० एमएल फ्लास्कला, इथेनॉल फक्त ०.१ टक्का जातं. टिप काचेला न टेकवता द्रवात सोडा आणि लगेच फ्लास्क फिरवा. ऑटोक्लेव्हच्या आधी मीडियात घालणारे पण मी बघितलेत, त्यांनी तो वास ऑटोक्लेव्ह रूममध्ये घेतला असणार.

बरं, कंट्रोल वेगळा केला, फरक दिसायला लागला, पण ट्रीटमेंटचे आकडे अजून वरखाली होतच होते. हा दुसरा चोर, पेशींचं वय. आणि खरं सांगायचं तर माझ्या मते हाच मोठा, कारण वाफेचा लोच्या एकदा कळला की सुटतो, हा मात्र रोजचा आहे.

आम्ही ठरवलं होतं, दहाव्या दिवशी एलिसिटर, तेराव्या दिवशी हार्वेस्ट. कागदावर छान. पण दहावा दिवस कुणाचा? एका बॅचचा इनोक्युलम (नव्या फ्लास्कमध्ये सुरुवातीला टाकायच्या पेशी) चौदा दिवसांच्या फ्लास्कमधून घेतलेला, दुसऱ्याचा गणपतीच्या सुट्टीनंतर, विसर्जनाला पेठेतले रस्ते बंद, लॅबला कुणी आलंच नाही, तो एकवीस दिवसांच्या म्हाताऱ्या पेशींचा. आणि माप काय, तर "१० एमएल ओता". कधी त्या १० एमएलमध्ये पेशी दाट, कधी नुसतं पाणी. दाट टाकल्या तर आठव्या दिवशीच साखर संपते, विरळ किंवा म्हाताऱ्या टाकल्या तर दहाव्या दिवशी त्या अजून डोळे चोळत असतात. एकीकडे उपाशी पेशीला आरोळी, दुसरीकडे झोपेतल्या पेशीला. दोन्हीकडे उत्तर शून्य.

कोलियसच्या सस्पेन्शनवर ह्याचं फार सुंदर काम झालेलं आहे. तिथे रोझमॅरिनिक ॲसिड जोरात बनायला लागतं ते वाढ थांबल्यावर, म्हणजे मीडियातला फॉस्फेट संपल्यावर, आणि किती बनणार हे ठरतं त्या क्षणी मीडियात साखर किती शिल्लक आहे त्यावर. हे वाचलं आणि डोक्यात ट्यूब पेटली. आम्ही ३ टक्के साखरेवर पेशी वाढवत होतो, वाढ थांबेपर्यंत साखर पण जवळपास साफ, आणि मग आम्ही जॅस्मोनेट द्यायचो. कोलियसमध्ये साखर ५ टक्क्यांवर नेली की साठा चांगलाच वाढतो हे माहीत असलेलं आहे. तुळशीवर आम्ही ४ आणि ५ दोन्ही करून बघितलं, आमच्या लाइनला (एकाच कॅलसपासून चालत आलेल्या पेशींना) ५ मानवलं, तुमच्या लाइनला ४ मानवेल, बघा करून. फार वर नेलीत तर ऑस्मोटिक ताणाने वाढच बसते.

कॅलेंडरऐवजी काय बघायचं मग? आम्ही तीन स्वस्तातल्या गोष्टी करतो. खुणांच्या टोकदार ट्यूबमध्ये १० एमएल सस्पेन्शन घेऊन ५ मिनिटं हळू सेंट्रिफ्यूज करायचं आणि पेशींचा थर किती ते वाचायचं, इनोक्युलम पण आता ह्याच मापाने टाकतो, नुसते एमएल नाही. दुसरं, मीडियाची कंडक्टिव्हिटी. पेशी नायट्रेट, अमोनियम, फॉस्फेट ओढून घेतात तशी ती उतरत जाते, वाढीचा आलेख उलटा करून ठेवल्यासारखी, आणि उतरायची थांबली की समजायचं वाढ आटोपत आली. तिसरं, ब्रिक्सवाला रिफ्रॅक्टोमीटर, द्राक्षवाले बागेत वापरतात तोच. एक थेंब, दहा सेकंद, साखर किती उरली त्याचा अंदाज. कंडक्टिव्हिटी सपाट व्हायला आली आणि ब्रिक्स अजून शिल्लक आहे, तो दिवस एलिसिटरचा. आमच्याकडे तो कधी आठवा येतो, कधी अकरावा.

साखर डीएनएसएने (रंगावरून साखर मोजायची टेस्ट) मोजत असाल तर एक गंमत आहे. डीएनएसए सुक्रोज मोजतच नाही, फक्त रिड्युसिंग शुगर. पहिल्या दिवशी आकडा एकदम कमी, मग पेशींच्या इनव्हर्टेजने सुक्रोज फोडलं की आकडा चढतो, मग उतरतो. आमच्याकडची एक ज्युनियर दोन दिवस डोकं धरून बसली होती, "ताई, पेशी साखर बनवतायत." नाही गं बाई, आधी ॲसिड हायड्रॉलिसिस कर मग मोज.

हार्वेस्टचं पण तेच. एलिसिटर दिल्यावर पीएएलसारखी, फिनॉलिक बनवायला लागणारी एन्झाइम्स काही तासांतच हलायला लागतात पण माल साठायला दिवस लागतात. एकदा तरी ०, १, २, ३, ५, ७ दिवसांचे सॅम्पल काढून स्वतःच्या लाइनचा कळस कधी येतो ते बघा. दुसऱ्याच्या पेपरातले ७२ तास तुमचे असतीलच असं नाही. आमचा कळस पाचव्या दिवशी होता आणि आम्ही वर्षभर तिसऱ्या दिवशी गाळत होतो.

आता पुणे स्पेशल. गुरुवार! आमच्या भागात लाईट जायची ती बहुतेक गुरुवारीच, दुरुस्तीसाठी, कधी दोन तास कधी पाच. एसी आणि लॅमिनार (निर्जंतुक हवेचं कामाचं टेबल) बंद झालेलं सगळ्यांना कळतं, शेकर थांबलेला कळत नाही कारण लाईट आली की तो परत फिरायला लागतो आणि आपण बघतो तेव्हा सगळं आलबेल. पण तेवढ्या वेळात पेशी तळाशी बसतात, खालच्या थराला ऑक्सिजन मिळत नाही, वर एप्रिल-मेमध्ये खोली तापते ती वेगळी. त्या बॅचला आधीच एक ताण बसलेला असतो, त्यावर आपण जॅस्मोनेटचा दुसरा. मी रविवारी जुन्या बाजारातून एक प्लगवर चालणारं डिजिटल घड्याळ आणलं, बॅटरी नसलेलं, आणि शेकरच्याच बोर्डाला लावलं. लाईट जाऊन परत आली की ते १२:०० वर येऊन लुकलुकत बसतं आणि तिथून पुढे मोजायला लागतं, त्यामुळे नुसतं कळतच नाही, लाईट कधी आली तेही कळतं. ह्या घड्याळाने आमच्या दोन "अनाकलनीय" बॅचचा उलगडा केला. आता सबकल्चर (पेशी ताज्या मीडियात हलवणं) अशा दिवशी करतो की एलिसिटरचा संभाव्य दिवस गुरुवारी पडणार नाही.

मोजण्यातल्या चुका ह्यावर खरं तर वेगळं लिहायला पाहिजे, पण ज्यांनी आमचा वेळ खाल्ला तेवढ्या सांगते. ओल्या वजनावर हिशोब करू नका, म्हाताऱ्या पेशी पाणी भरून फुगतात आणि आकडा उगाच कमी दिसतो. कोरडं वजन घ्या, आणि शेवटी प्रति लिटर किती मिळालं तेही काढा, कारण डोस वाढवून ग्रॅममागे माल वाढला पण पेशीच अर्ध्या राहिल्या तर हातात काय आलं? ब्राउनिंग होऊ नये म्हणून मीडियात ॲस्कॉर्बिक ॲसिड घालत असाल तर फोलिन (एकूण फिनॉलिक मोजायची टेस्ट) आणि डीपीपीएच दोन्ही त्यालाच अँटीऑक्सिडंट म्हणून मोजणार, पेशी चांगल्या धुवा आणि नुसत्या मीडियाचा ब्लँक लावाच. त्याच कारणासाठी पीव्हीपी (एक पॉलिमर) घालत असाल तर उलटं, ते फिनॉलिकला धरून ठेवतं. गाळलेलं मीडिया ओतून देऊ नका, एकदा तेही मोजा, माल बाहेर गळलेला असू शकतो. अर्क काढताना गोठवलेल्या पेशी पाण्यात वितळू दिल्या की त्यांचीच ऑक्सिडेज सगळं काळं करून टाकतात, सफरचंद चिरून ठेवल्यासारखं, म्हणून थेट थंड ७०-८० टक्के मिथेनॉलमध्ये वाटायचं. डीपीपीएच रोज ताजं, अंधारात.

आणि काळ्या गाजराच्या किंवा द्राक्षाच्या पेशींवर काम करत असाल तर आणखी एक खड्डा. डीपीपीएच आपण ५१७ नॅनोमीटरला वाचतो आणि अँथोसायनिनचा लाल रंग पण तिथेच, ५२० च्या आसपास शोषतो. म्हणजे अर्क जितका गडद तितकं अँटीऑक्सिडंट कमी दिसणार! प्रत्येक डायल्यूशनचा डीपीपीएच-शिवायचा, नुसता अर्क अधिक मिथेनॉल असा ब्लँक वजा करा. एकूणच ह्या रंगाच्या टेस्ट म्हणजे अंदाज, पैसे असतील तेव्हा एचपीएलसीला (एकेक संयुग वेगळं करून मोजणारी पद्धत) पाठवा.

एवढं सगळं करूनही आकडे कमीच येत असतील, वरखाली नाही, सगळ्या बॅच सारख्याच कमी, तर मग मीडिया आणि लाइन बघायची. वाढीचा मीडिया आणि उत्पादनाचा मीडिया वेगळा असावा ही काही नवी गोष्ट नाही, जपानमध्ये मित्सुई कंपनीने १९८३ च्या सुमारास लिथोस्पर्मम नावाच्या झाडाच्या पेशींपासून शिकोनिन हा लाल रंग बाजारात आणला तोच मुळी दोन टप्प्यांनी, आधी एका मीडियात पेशी वाढवायच्या, मग दुसऱ्यात टाकून रंग काढायचा. त्या पेशींना अमोनियम असलं की रंगच येत नाही. तुळशीला एवढं कडक नसेल पण एमएसमधलं ६० मिलिमोलर नायट्रोजन हे वाढीसाठीचं जेवण आहे हे लक्षात ठेवा. २,४-डी ह्या वाढीच्या हार्मोनचं पण तसंच, पेशी भराभर फुटतात पण बऱ्याच कल्चरमध्ये फिनॉलिक दाबलं जातं, आणि इनोक्युलमबरोबर ते नव्या मीडियात चोरपावलांनी येतं. उत्पादनाच्या टप्प्याआधी पेशी एकदा २,४-डी नसलेल्या मीडियाने धुवून घ्या. सॅलिसिलिक ॲसिड जॅस्मोनेटबरोबर एकदम देऊन "डबल इफेक्ट" मिळेल ह्या आशेवर राहू नका, झाडात हे दोन सिग्नल बऱ्याचदा एकमेकांचे पाय ओढतात.

लाइन म्हातारी झाली असेल तर मात्र इलाज नाही. दर सबकल्चरला आपण नकळत भराभर वाढणाऱ्या पेशी निवडत जातो आणि ज्या माल बनवण्यात वेळ घालवतात त्या मागे पडतात, दोन वर्षांनी फ्लास्कमध्ये नुसते खाऊन-पिऊन सुखी लोक उरतात. आम्ही आता कुंडीतल्या त्याच तुळशीपासून दर सहा महिन्यांनी नवा कॅलस काढतो आणि जुनी लाइन शेजारी ठेवून तुलना करतो. कुंडी लॅबच्या गच्चीवर आहे, पाणी काका घालतात. त्यांना अजून असंच वाटतं की त्या दिवशी पेटीत गजराच होता आणि मी तो लपवला.